ओंडका आणि बुडखा

माझे वडील बल्लारशाच्या लाकूड डेपोत मोजणीला होते. उन्हाळ्याच्या सुटीत मी त्यांच्यासोबत डेपोत जात असे. आलापल्लीकडून सागवानाचे ट्रक येत, ओंडके उतरत, आणि बाबा हातात टेप आणि वही घेऊन एकेका ओंडक्याची लांबी-गोलाई लिहून घेत. पण लिहिण्याआधी ते ओंडक्याशी वाकून काहीतरी शोधत. एकदा मी विचारले, 'बाबा, काय पाहता?' ते म्हणाले, 'शिक्का. हे लाकूड कोणत्या कुपातून आलं ते आधी कळलं पाहिजे. माप मग.'

पुढे त्यांनी मला सगळी रीत समजावून सांगितली. जंगलात जे झाड तोडायचे ठरते, त्यावर दोन ठिकाणी हातोडा मारतात. एक छातीच्या उंचीवर, दुसरा अगदी बुडाशी. झाड पडले की वरचा शिक्का लाकडाबरोबर जातो. बुडाचा शिक्का जमिनीत उरलेल्या बुडख्यावर राहतो. डेपोतल्या ओंडक्याबद्दल शंका आली, तर वही घेऊन कुपात जायचे आणि बुडखा शोधायचा. शिक्का जुळला तर माल खरा. ओंडका आहे पण बुडखा नाही, तर ते लाकूड चोरीचे. बाबा म्हणत, 'ओंडका कुणीही दाखवेल, बुडखा दाखवता आला पाहिजे.'

मी पुढे लाकडाच्या नव्हे, संगणकाच्या वाटेला गेलो. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत शिकवू लागलो आणि तिथली संगणक खोली माझ्याकडे आली. पण बाबांचे ते वाक्य मला सर्वांत जास्त उपयोगी पडले ते याच खोलीत. कसे, ते आज सांगायचे आहे. ही गोष्ट आहे सॉफ्टवेअरच्या पॅकेजांची, त्यांच्या नोंदवह्यांची, आणि त्या नोंदवह्या कशा जन्माला आल्या त्याची.

आधी पॅकेज म्हणजे काय ते पाहू. संगणकाचा कार्यक्रम माणूस लिहितो तो मजकुराच्या रूपात. त्याला सोर्स कोड म्हणतात. तो तसाच यंत्राला चालत नाही. त्याचे यंत्राला कळेल अशा रूपात भाषांतर करावे लागते, सोबत लागणाऱ्या इतर वस्तू जोडाव्या लागतात, आणि सगळे एका पुडक्यात बांधावे लागते. ते पुडके म्हणजे पॅकेज. अशी हजारो पॅकेजे एकमेकांशी जुळवून एकत्र देणाऱ्या संचाला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स जगापुढे ठेवले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६ ऑगस्ट १९९३ रोजी, इयन मर्डॉक यांनी डेबियन या संचाची घोषणा केली. रेड हॅट कंपनीचा संचही त्याच काळातला. हे संच तयार करणारे लोक बहुतेक कार्यक्रम स्वतः लिहीत नाहीत. ते दुसऱ्यांनी लिहिलेले घेतात, तपासतात, गरज पडल्यास दुरुस्त करतात आणि बांधून देतात. जंगल आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये जसा डेपो, तसे हे.

आता दुरुस्ती आली की प्रश्न आला. मूळ लेखकाचे किती आणि बांधणाऱ्याचे किती, हे वेगळे कळले पाहिजे. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये 'पॅच' नावाचा एक छोटा कार्यक्रम लिहिला. पॅच म्हणजे ठिगळ. अख्खी फाइल पुन्हा पाठवायची नाही. कोणत्या ओळी काढल्या आणि कोणत्या घातल्या तेवढेच पाठवायचे. समोरच्याने ते ठिगळ आपल्या प्रतीवर बसवायचे. डेबियन आणि रेड हॅट या दोघांनीही मग एकच शिस्त धरली. मूळ लेखकाकडून आलेला गठ्ठा जसाच्या तसा ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. आपले बदल शेजारी ठिगळाच्या रूपात ठेवायचे. आणि दोन्ही एकत्र करून पॅकेज कसे बांधायचे याची कृती तिसऱ्या फायलीत लिहायची.

ही शिस्त मला माहीत नव्हती, असे मी म्हणणार नाही. माहीत होती, मी ती पाळली नाही.

आमच्या खोलीत दहा जुने संगणक होते. विकतचे सॉफ्टवेअर घ्यायला पैसे नव्हते. त्या वेळी उबुंटू नावाच्या संचाच्या सीड्या जगात कुठेही टपालाने फुकट येत. २०११ मध्ये ती सोय बंद झाली, पण तोवर आमच्यासारख्या अनेकांचे काम होऊन गेले होते. हा उबुंटू डेबियनवरच उभा आहे. पोस्टमन सीड्यांचे पाकीट घेऊन आला की मुले मागे धावत यायची. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून, तेही पावसाळ्यात असले तर असले. बाकीचे साहित्य नागपूरहून एसटीने येणारा एक मित्र पेनड्राइव्हवर आणून द्यायचा.

अडचण मराठीची होती. पडद्यावरचे देवनागरी अक्षर हिंदी वळणाचे. मराठी 'ल' आणि 'श' वेगळे असतात हे शाळेतल्या पोरालाही कळते. त्याहून मोठा घोळ ऱ्याचा. 'आचार्यांस वाढा' आणि 'आचाऱ्यास वाढा' यांत केवढा फरक आहे! 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. आमच्याकडे अर्ज टाइप करताना 'शेतकऱ्याचे नाव' हे दोन शब्द रोज लागायचे, आणि ते रोज चुकीचे उमटायचे. मी एका रात्री बसून फाँटची फाइल उघडली, चार-पाच अक्षरे सुधारली, काही अक्षरांची रुंदी थोडी कमी केली आणि ती फाइल जुन्या फायलीच्या जागी दहाही यंत्रांवर चढवली. पॅकेज केले नाही. ठिगळ केले नाही. कुठे चार ओळी लिहून ठेवल्या नाहीत. 'शेतकऱ्याचे' नीट उमटू लागले आणि मी खूश झालो.

ही २००७ ची गोष्ट. त्याच वर्षाच्या अखेरीस वनहक्क कायदा अमलात आला आणि २००८ मध्ये गावोगावच्या ग्रामसभा दाव्यांच्या कामाला लागल्या. जी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जंगलातली जमीन कसत आली, त्यांनी दावे करायचे, वनहक्क समितीने पडताळायचे, ग्रामसभेने ठराव करायचा. एका गावच्या समितीने दावेदारांची यादी टाइप करायला आमच्याकडे दिली. कुटुंबप्रमुखाचे नाव, जमिनीची चतुःसीमा, पुरावा, साक्ष देणारे वृद्ध. मुलांनी आनंदाने टाइप केली. तक्ता पानावर नीट बसावा म्हणून मी त्याला ठरावीक उंचीची चौकट घालून दिली होती.

त्या दरम्यान संचाची नवी आवृत्ती आली. तिच्यात सुरक्षेची एक मोठी दुरुस्ती होती, म्हणून ती लगेच चढवली. त्या दुरुस्तीकडे मी पुन्हा येणार आहे. नव्या आवृत्तीने आपल्या नियमाप्रमाणे माझी सुधारलेली फाइल काढून स्वतःची बसवली. तिला दोष देता येणार नाही. माझा बदल तिच्या वहीत नव्हताच. अक्षरे पुन्हा रुंद झाली, ओळी मोडून वाढल्या, आणि चौकटीच्या खाली गेलेल्या ओळी छापल्याच गेल्या नाहीत. पान दिसायला स्वच्छ होते. मी वरवर नजर टाकून सही-शिक्क्यासाठी देऊन टाकले.

चूक सापडली ती ग्रामसभेत. तिथे यादी हातोहात फिरत नाही, मोठ्याने वाचतात. वाचन संपल्यावर एक म्हातारबा उठले आणि म्हणाले, 'आमचं नाव आलं नाही.' मग आणखी एक घर निघाले, मग तिसरे. तीन कुटुंबे यादीतून गळाली होती. समितीचे लोक कागद घेऊन माझ्याकडे आले. कुणी आवाज चढवला नाही. फक्त तीन प्रश्न विचारले: 'सर, हे कुणी बदललं? कधी बदललं? कशासाठी बदललं?'

माझ्याकडे एकाचेही उत्तर नव्हते. यंत्रावर 'यादी', 'यादी-नवीन', 'यादी-अंतिम', 'यादी-अंतिम-२' अशा फायली होत्या. सगळ्यांत ती तीन नावे होती. मग गेली कुठे? फाँटपर्यंत पोचायला मला दोन दिवस लागले. नवी यादी वेळेत गेली, कुणाचे नुकसान झाले नाही. पण ते म्हातारबा त्या दिवशी सभेला आले नसते तर? एका घराची जमीन माझ्या एका रात्रीच्या हुशारीवर टांगलेली होती. बाबांचे वाक्य मला त्या रात्री आठवले. ओंडका माझ्या हातात होता. बुडखा मीच उपटून टाकला होता.

ते तीन प्रश्न काही नवे नाहीत. आपल्या भाषेत ते फार जुने आहेत. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांच्या नकलांनी पाठ बिघडले होते. शेवटी त्यांनी यापुढे यात कुणी स्वतःची ओवी घालू नये, अशी ताकीदही दिली. ही ताकीद म्हणजे मूळ गठ्ठ्याला हात न लावण्याचा नियमच. मात्र त्यांनी स्वतः कोणता शब्द कोणत्या प्रतीवरून बदलला याची नोंद आपल्याला मिळत नाही. म्हणून राजवाड्यांनी १९०९ मध्ये वेगळ्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी छापली तेव्हा मूळ पाठाचा वाद पेटला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हा धडा घेतला. १९१९ मध्ये सुरू झालेले ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. त्यात प्रत्येक पानाखाली पाठभेद दिले आहेत, कोणत्या प्रतीत काय आहे हे सांगितले आहे. वाचकाला संपादकाचा निर्णय पटला नाही, तर त्याला मागे जाण्याची वाट ठेवली आहे.

संगणकवाल्यांना हीच वाट यंत्राकडून करून घ्यायची होती. बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये अशी पहिली मोठी व्यवस्था लिहिली. फाइल बदलली की जुनी पुसायची नाही; फरक, बदलणाऱ्याचे नाव, तारीख आणि कारण नोंदवायचे. यालाच व्हर्जन कंट्रोल म्हणतात. मी मुलांना 'आवृत्त्यांची वही' म्हणून सांगतो. १९८२ मध्ये वॉल्टर टिची यांची आरसीएस आली, योगायोगाने चंद्रपुरातून वेगळा होऊन आमचा गडचिरोली जिल्हा झाला तेच वर्ष. १९८६ मध्ये डिक ग्रून यांनी सीव्हीएस लिहिले, त्यातून अनेक माणसे एकाच वेळी एका कामात हात घालू लागली. पुढे सबव्हर्जन आले. आणि एप्रिल २००५ मध्ये लायनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिले.

या वह्या आधी कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी वापरल्या. पॅकेज बांधणाऱ्यांनी त्या उशिरा उचलल्या. याचे कारण साधे आहे. बांधणाऱ्याला वाटे, माझे काम ते किती, चार ठिगळे आणि एक कृती. ती माझ्या यंत्रावर आहे, पुरे. पण पॅकेजे हजारांवर गेली, बांधणारे देशोदेशी पसरले, एकाने सोडलेले काम दुसऱ्याला घ्यावे लागले, तेव्हा वहीवाचून भागेना. डेबियनमधल्या साधनांच्या नावांवरूनच हा इतिहास कळतो. आधी सीव्हीएस-बिल्डपॅकेज, मग एसव्हीएन-बिल्डपॅकेज, मग २००६ च्या सुमारास गिडो गुंथर यांचे गिट-बिल्डपॅकेज. या शेवटच्या साधनाची रीत जंगलवाल्याला पटकन कळेल. वहीत दोन फांद्या ठेवायच्या. एका फांदीवर फक्त मूळ लेखकाकडून आलेले. दुसऱ्या फांदीवर आपली ठिगळे आणि कृती. नवी आवृत्ती आली की पहिल्या फांदीवर घ्यायची, मग दुसरीत मिसळायची. कुठलीही ओळ दाखवा, ती लेखकाची की बांधणाऱ्याची हे लगेच सांगता येते.

रेड हॅटच्या पाठबळावर चालणाऱ्या फेडोरा या संचाची कथा वेगळी, पण तितकीच बोलकी. तिथे आधी दोन कोठारे होती. मुख्य पॅकेजांच्या कोठारात फक्त कंपनीची माणसे जाऊ शकत. बाहेरच्या स्वयंसेवकांसाठी दुसरे. २००७ च्या मे महिन्यात फेडोरा ७ बरोबर मधली भिंत पाडली गेली आणि सगळी पॅकेजे एका सार्वजनिक वहीत आली. जुलै २०१० मध्ये ही सारी वही सीव्हीएसमधून गिटमध्ये हलवली. तेव्हापासून प्रत्येक पॅकेजची स्वतंत्र वही आहे. तिच्यात कृती आणि ठिगळे असतात. मूळ गठ्ठा मोठा असतो म्हणून तो वेगळ्या ठिकाणी ठेवतात, आणि वहीत त्याचा आकड्या-अक्षरांचा एक ठसा लिहितात. गठ्ठ्यातले एक अक्षर जरी बदलले तरी ठसा जुळत नाही. डेपोची वही, हातोड्याचा शिक्का आणि बुडखा, सगळे आले की नाही?

या फेडोरातच मला माझ्या फाँटचा बुडखा सापडला. आमच्या यंत्रांवरचे देवनागरी अक्षर होते 'लोहित' नावाच्या संचातले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले हे फाँट रेड हॅटने २००४ मध्ये सर्वांसाठी खुले केले, आणि रेड हॅटच्या पुण्याच्या कार्यालयातली मराठी मंडळी त्यांची देखभाल करू लागली. ल, श आणि ऱ्या यांच्या तक्रारी तिथे माझ्याआधीच पोचल्या होत्या. मी रात्र जागून चोरून केलेले काम तिथे उजेडात, नावानिशी, कारणासकट चालू होते. मी माझा बदल ठिगळ करून पाठवला असता, तर आमची दहा यंत्रेच काय, महाराष्ट्रातली सगळी यंत्रे सुधारली असती. माझी हुशारी दहा यंत्रांपुरती राहिली, आणि तीही एका आवृत्तीपुरती.

आता त्या सुरक्षेच्या दुरुस्तीकडे येतो. बँकेचा व्यवहार, पासवर्ड, दूरच्या यंत्राशी बोलणे हे सगळे गुप्त किल्ल्यांवर चालते. त्या किल्ल्या घडवणाऱ्या एका महत्त्वाच्या कार्यक्रमाचे नाव ओपनएसएसएल. २००६ मध्ये डेबियनच्या पॅकेजमध्ये त्यातल्या दोन ओळी निष्प्रभ केल्या गेल्या. हेतू वाईट नव्हता. तपासणीचे एक साधन त्या ओळींबद्दल तक्रार करीत होते. पण त्यातली एक ओळ किल्ल्यांमध्ये यदृच्छेचा भाग घालत होती. ती गेल्यावर प्रत्येक प्रकारच्या अवघ्या ३२,७६८ किल्ल्या शक्य राहिल्या. एवढ्या तर कुणीही एकेक करून लावून पाहील. हे सुमारे पावणेदोन वर्षे कुणाच्या ध्यानात आले नाही. लुसियानो बेल्लो यांना ते आढळले आणि १३ मे २००८ रोजी जाहीर झाले. उबुंटू डेबियनवर उभा असल्याने आमच्या दहा यंत्रांतही तो दोष होता. म्हणून ती नवी आवृत्ती मी घाईने चढवली.

या प्रकरणात नोंद नव्हती असे नाही. पण त्या काळी डेबियनच्या पॅकेजमधले सगळे बदल एकाच मोठ्या फरकाच्या फायलीत एकत्र बांधलेले असत. शेकडो ओळींच्या गर्दीत त्या दोन ओळी उठून दिसणार कशा? मूळ लेखकांनीही त्या तिथे कधी वाचल्या नाहीत. पुढच्या काही वर्षांत डेबियनमध्ये प्रत्येक बदल वेगळ्या ठिगळात ठेवण्याची आणि त्यावर तो कुणी केला, कशासाठी केला, मूळ लेखकाला कळवला का, हे लिहिण्याची पद्धत रुजली. पुन्हा तेच तीन प्रश्न. त्या गावच्या समितीने मला विचारलेले.

नोंद झाली म्हणजे सगळे झाले का? नाही. हे शिकायला २०२४ साल उजाडावे लागले. एक्सझेड नावाचा, फायली दाबून लहान करणारा एक कार्यक्रम आहे. तो जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर असतो आणि तो वर्षानुवर्षे मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी २०२१ पासून त्याला मदत करू लागले. चांगली ठिगळे पाठवली, विश्वास मिळवला, बरोबरीचा अधिकार मिळवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या व्यक्तीने नवी आवृत्ती गठ्ठ्याच्या रूपात प्रसिद्ध केली. तिच्यात दूरच्या यंत्रात शिरण्याचा चोरदरवाजा होता.

तो लपवला होता कसा, हे नीट पाहण्यासारखे आहे. दरवाज्याचे सामान चाचणीच्या फायलींच्या वेषात गिटच्या वहीत सर्वांसमोर पडून होते. पण त्या सामानाला जागे करणारी कळ वहीत नव्हती. ती फक्त प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होती. गठ्ठ्यात वहीबाहेरच्या काही तयार फायली असण्याची जुनी चाल होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. डेबियन आणि फेडोरा यांनी नेहमीप्रमाणे गठ्ठ्यावरून पॅकेज बांधले. गठ्ठ्यावरची सही खरी, ठसा जुळलेला, पण लाकूड भलत्याच कुपातले. दूरच्या यंत्राशी जोडणी व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या एका प्रश्नामागे लागून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ते शोधले आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला कळवले. तोवर ते पॅकेज चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोचले होते, रोजच्या वापरातल्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत नाही. थोडक्यात निभावले. त्यानंतर पॅकेज गठ्ठ्यावरून न बांधता थेट वहीतल्या नोंदीवरून बांधावे, या मागणीला जोर आला. त्याआधी जवळजवळ दहा वर्षे डेबियनमधली मंडळी आणखी एका गोष्टीमागे होती: एकाच मुळापासून कुणीही, कुठेही बांधले तरी अक्षराअक्षराने तेच पॅकेज निघाले पाहिजे. म्हणजे ओंडका कुणीही उचलावा आणि बुडख्यावर ठेवून पाहावा.

मला या इतिहासातून एवढेच कळले की वही ही विश्वासाच्या जागी नसते, ती विश्वास तपासण्याची सोय असते. आणि ती सोय तेव्हाच कामाची, जेव्हा कुणीतरी खरोखर वाचतो. वाचणारा नसेल तर शिक्केही खोटे बोलतात.

वही एका ठिकाणी ठेवून भागत नाही, हाही एक धडा. लोहित फाँटचे काम ज्या सार्वजनिक ठिकाणी चाले, ते फेडोरा होस्टेड २०१७ मध्ये बंद झाले. डेबियनचे आलिओथ २०१८ मध्ये बंद झाले आणि त्याची जागा साल्साने घेतली. पण गिटमध्ये प्रत्येकाच्या प्रतीत अख्खा इतिहास असतो. घर बदलले तरी वही हरवली नाही.

आज मी निवृत्त आहे. आमच्या भागात गोंडी बहुतेक देवनागरीतच लिहितात, पण तिच्या स्वतःच्या लिप्याही आहेत. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेली लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. चंद्रपूरच्या दक्षिणेला लागून असलेल्या आदिलाबाद भागातल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांची लिपी २०१८ मध्ये आली. मसराम गोंडीचा फाँट आज डेबियनच्या पॅकेजातून कुठल्याही यंत्रावर मिळतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मध्यंतरी विचारले, 'सर, यातलं एखादं अक्षर बरोबर वाटत नसेल तर काय करू? फाइल बदलून टाकू?' मी म्हणालो, 'बदल, पण वहीत बदल. नाव लिही, तारीख लिही, कारण लिही, आणि वर पाठव.'

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तिथे निर्णय सर्वांच्या सहमतीने होतात, हे आता सगळ्या देशाला माहीत आहे. मला मात्र त्या दुसऱ्या गावची सभा आठवते. यादी वाचून झाली होती, मंडळी उठायच्या बेतात होती, आणि एक म्हातारा काठी टेकत उभा राहिला. त्याला वाचता येत नव्हते. पण आपले नाव आले की नाही, हे त्याने शेवटपर्यंत ऐकले होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)